ड्राइव्ह-थ्रू उपाहारगृहे व भूवापर नियमन

ग्राहकाने मोटारीतून न उतरता खिडकीवर खाद्यपदार्थ विकत घ्यावेत अशी सोय असलेल्या उपाहारगृहांची जागा, रचना व वाहतूक यांविषयीचे स्थानिक नियमन. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा अधिकार संघ सरकारकडे नाही. राज्यांच्या सक्षमकारी (स्थानिक संस्थांना अधिकार देणाऱ्या) कायद्यांनुसार नगरे व काउंट्या (जिल्ह्यासारखे घटक) तो वापरतात. त्यामुळे एका गावात सहज मिळणारी परवानगी शेजारच्या गावात मुळीच मिळत नाही, असेही घडते.

पहिले ड्राइव्ह-थ्रू कोणते, याबद्दल एकमत नाही. डॅलस येथे १९२१ मध्ये सुरू झालेल्या ‘पिग स्टँड’चा उल्लेख बहुधा प्रथम केला जातो, परंतु तेथे नोकर उभ्या मोटारीपर्यंत पदार्थ नेऊन देत, म्हणजे ते ‘ड्राइव्ह-इन’ होते. याच साखळीच्या लॉस अँजेल्स शाखेत १९३१ च्या सुमारास खिडकीवरून विक्री होऊ लागली, असे सांगतात. इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्डचे ‘मेड-राइट’ दुकान त्याहूनही जुना मान सांगते. मिसूरीतील स्प्रिंगफील्डच्या (हे गाव निराळे) ‘रेड्स जायंट हॅम्बर्ग’चे वर्ष सामान्यतः १९४७ धरतात. कॅलिफोर्नियातील बॉल्डविन पार्क येथे १९४८ मध्ये ‘इन-अँड-आउट’ने दुतर्फी ध्वनिक्षेपक बसविला. केवळ खिडकी हीच कसोटी मानली, तर आधीचे दावे ग्राह्य ठरतात. नियमनाच्या दृष्टीने मात्र ध्वनिक्षेपक अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण मागणी नोंदविण्याची जागा आणि पदार्थ घेण्याची जागा त्याने वेगळी केली व त्या दोहोंमध्ये चालती रांग उभी राहिली. मॅकडॉनल्ड्सची पहिली खिडकी त्यामानाने बरीच उशिरा, १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे उघडली. शेजारच्या लष्करी तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात बाहेर मोटारीतून उतरण्यास मनाई होती, हे तिचे कारण दिले जाते.

न्यू यॉर्कने १९१६ मध्ये शहरव्यापी झोनिंग (जमिनीची वापरानुसार विभागणी) लागू केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘युक्लिड विरुद्ध ॲम्ब्लर रिॲल्टी’ (१९२६) या खटल्यात अशा विभागणीस घटनात्मक मान्यता दिली. बहुतेक नियमावल्यांत आज उपाहारगृह व्यापारी विभागात आपोआप मान्य असते. खिडकीला मात्र वेगळा ‘सशर्त वापर’ परवाना लागतो. परवान्यापूर्वी नियोजन मंडळ जाहीर सुनावणी घेते. गर्दी वाढेल ही शेजाऱ्यांची नुसती भीती अनेक राज्यांतील न्यायालये नकारास पुरेशी मानत नाहीत. निर्णयाला नोंदीवरील पुराव्याचा आधार लागतो. म्हणून अशा सुनावण्यांत पदार्थांपेक्षा वाहतूक अभियंत्याच्या अहवालावरच अधिक चर्चा होते.

उपाहारगृहाकडे होणाऱ्या मोटारींच्या फेऱ्यांचा अंदाज वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने (आयटीई) संकलित केलेल्या पुस्तिकेवरून करतात. तीत खिडकी असलेल्या झटपट उपाहारगृहाचा संकेतांक ९३४ आहे. या फेऱ्यांतील मोठा भाग रस्त्यावरून तसेही जाणाऱ्या मोटारींचा असतो. त्यामुळे रस्त्यावरची एकूण भर कमी धरली, तरी प्रवेशद्वाराशी होणारी वळणे कमी होत नाहीत. ही वजावट आक्षेप घेणाऱ्यांना नेहमीच खटकते.

खरा प्रश्न रांगेच्या लांबीचा. प्रत्येक मोटारीस साधारण २० फूट (सु. ६ मी.) जागा धरण्याचा प्रघात आहे. समजा, तासाला ६० मोटारी येतात व एका मोटारीस सरासरी ४५ सेकंद लागतात, म्हणजे खिडकीची क्षमता तासाला ८० आहे. साध्या एकखिडकी प्रतिमानानुसार सरासरी ३ मोटारी आत असतात. पण ९५ टक्के वेळ रांग रस्त्यावर येऊ नये असे वाटत असेल, तर १० मोटारींची, म्हणजे २०० फूट जागा हवी. आगमन ७२ वर गेले की सरासरी ९ होते आणि तीच हमी देण्यास २८ मोटारींची जागा लागते. आगमनातील २० टक्के वाढीने रांग जवळजवळ तिप्पट होते. प्रत्यक्षात मागणी व खिडकी हे दोन टप्पे सलग असतात, शिवाय लांब रांग पाहून काही जण पुढे निघून जातात. तेव्हा हे आकडे ढोबळच. तरीही नियमावलीत लिहिलेली मोटारींची ठरावीक संख्या गर्दीच्या दुकानाला अपुरी का पडते, ते यावरून कळते. कॉफी दुकानांची गर्दी सकाळी, म्हणजे रस्ता आधीच भरलेला असताना होते. सांता बार्बरा (कॅलिफोर्निया) येथे रस्त्यावर येणाऱ्या अशाच एका रांगेला सार्वजनिक उपद्रव ठरविण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये नगर परिषदेपुढे आला होता.

परवान्याबरोबर वळण-मार्गिका, जमीन किंवा शुल्क मागता येते. मात्र ‘डोलन विरुद्ध टायगार्ड’ (१९९४) नुसार ती मागणी प्रकल्पाच्या परिणामाशी ढोबळ प्रमाणात असावी लागते. विधिमंडळाने सरसकट बसविलेले वाहतूक शुल्कही या कसोटीतून आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीच्या प्रकरणात म्हटले. कॅलिफोर्नियात २०१३ च्या कायद्यानुसार, जुलै २०२० पासून, पर्यावरणीय परीक्षणात चौकातील खोळंब्याऐवजी एकूण वाहन-मैल (मोटारींनी कापलेले एकूण अंतर) मोजले जातात. त्यामुळे खोळंबा हा त्या परीक्षणातील आक्षेप उरला नाही; स्थानिक परवान्यात तो उठविता येतो.

काही गावांनी सरळ बंदी घातली. सॅन लुइस ओबिस्पोची बंदी १९८२ ची, मिनीॲपोलिसची २०१९ ची. दक्षिण लॉस अँजेल्समधील २००८ चा निर्बंध स्वतंत्र इमारतींतील झटपट उपाहारगृहांवर होता व त्याचा हेतू आरोग्याचा होता. तो या मालिकेत घालणे योग्य नव्हे. मिनीॲपोलिसची बंदी केवळ नव्या खिडक्यांपुरती आहे. जुन्या खिडक्या ‘वैध परंतु विसंगत वापर’ म्हणून चालू राहतात आणि मिनेसोटाच्या कायद्यानुसार असा वापर एक वर्षाहून अधिक काळ बंद पडल्यास तो हक्क जातो.