नवतप्यातलं गॅलेट

मागच्या मे महिन्यात, नागपुरात नवतपा (मे अखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) लागायच्या आदल्या दिवशी, मी आंब्याचं गॅलेट करायला घेतलं. गॅलेट म्हणजे फ्रेंच घरांतला गावरान टार्ट. साचा लागत नाही. मैद्याची जाडसर पोळी लाटायची, मधोमध फळं रचायची आणि कडा निऱ्या घालत आत दुमडायच्या. करंजीला मुरड घालणाऱ्या हाताला त्यात अवघड काहीच नाही. फ्रीजमधून बटर काढलं, मैद्यात चुरायला लागले, आणि तिसऱ्या मिनिटाला परातीत तुपकट गोळा. आई दारात उभी होती. "काहून, वितळवून घातलं का?"

भाजून जे निघालं ते चवीला वाईट नव्हतं. पण ती फळं लावलेली नानकटाई होती.

प्रमाणात चूक नव्हती: 200 ग्रॅम मैदा, 120 ग्रॅम बटर, 50 मिलीलीटर पाणी. तेच जिन्नस, तेच वजन, आणि पदार्थ दोन. फरक पडतो तो पिठात मिसळताना बटर कोणत्या अवस्थेत आहे यानं, आणि हे आपल्या फराळाला फार आधीपासून माहीत आहे. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालतो. ते पातळ तूप मैद्याच्या कणाकणाला माखतं. मैद्यातली प्रथिनं पाणी पिऊन एकमेकांत गुंतली की ग्लुटेनची चिवट जाळी होते; तुपानं माखलेल्या कणांना पाणी नीट मिळत नाही, जाळी तोकडी राहते आणि शंकरपाळा खुसखुशीत होतो. चिरोट्याचं तंत्र उलटं. तिथे फेसलेला साटा पोळ्यांच्या मधे थर म्हणून बसतो, पिठात जिरत नाही. तळताना पोळीतल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. गॅलेटला चिरोट्याच्या वाटेनं जायचं असतं. माझं मोहनाच्या वाटेला लागलं.

फक्त इथे साट्याऐवजी बटरचे वाटाण्याएवढे घट्ट तुकडे असतात. लाटताना ते चपटे होतात आणि पिठात पापुद्र्यांसारखे पसरतात. भट्टीत ते वितळले की त्यांची जागा पोकळ राहते. शिवाय बटरमध्ये 80 टक्के स्निग्धांश आणि 16 टक्क्यांपर्यंत पाणी असतं. पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1,700 पट जागा मागतं. तीच वाफ पोकळीच्या भिंती ढकलते. म्हणून तूप घालून हे पापुद्रे तितके फुलत नाहीत, तुपातलं पाणी आपण कढवून घालवलेलं असतं. घरच्या लोण्यात पाणी असतं, पण किती ते प्रत्येक वेळी वेगळं. मी पाकिटातलंच बटर घेते आणि मीठ वेगळं घालत नाही.

आता नागपूर. बटर अनेक प्रकारच्या स्निग्ध रेणूंचं मिश्रण असल्यानं बर्फासारखं एका ठरलेल्या अंशावर वितळत नाही; हळूहळू मऊ होत 32 ते 35 अंशांदरम्यान पूर्ण पातळ होतं. परदेशी पाककृतींत बजावलेलं असतं की हात गरम असतात, पिठाला बोटांची टोकंच लावा. हाताची त्वचा असते साधारण 33 अंशांची. आमच्या शहरानं 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेत. दुपारी ओट्यावरचा मैद्याचा डबा सहज 40 अंशांचा असतो. म्हणजे मेमधल्या नागपुरी स्वयंपाकघरात हात ही थंड वस्तू आहे! गुन्हेगार पीठ आणि परात. त्यातही स्टीलची परात उष्णता झपाट्यानं आणून देते.

पहाटे पाचला उठून पाहिलं. तेव्हाही पारा 29-30 च्या खाली जायला तयार नसतो. मग मैदा रात्रभर फ्रीजरमध्ये, परातही तिथेच, आणि बटर गोठवून किसणीवर किसायचं. खरी मदत मात्र कूलरची झाली. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता सोबत नेतं. तेवढ्या उष्णतेनं 100 ग्रॅम पाणी पावणेसहा अंशांनी तापेल. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर वाऱ्यात धरलेलं ओलं फडकं 23-24 अंशांपर्यंत उतरू शकतं. माठ याच हिशेबानं चालतो. मळलेला गोळा डब्यात बंद करून, डब्याला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर ठेवला की वीज गेली तरी... नाही, वीज गेली की कूलरही गेला. पण खिडकीत वारा असेल तर पंचा आपलं काम करत राहतो. खिडकी उघडी हवीच. खोली बंद ठेवून कूलर लावणारे लोक हवेतला दमटपणा वाढवत नेतात आणि मग कूलर बिघडला म्हणतात.

फळ म्हणजे कळमन्याच्या बाजारातला बैगनफल्ली आंबा. संत्र्याचा या दिवसांत प्रश्नच नाही, ती हिवाळ्यातली आणि फार तर मार्चपर्यंतची. पिकलेल्या आंब्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी. त्यावर साखर पेरली की ती फोडींतला रस बाहेर ओढून घेते आणि तळ भिजतो, म्हणून साखर अगदी भट्टीत घालायच्या क्षणी. शिवाय आंबा पिकताना त्यातली विकरं रस दाट करणारं पेक्टिन तोडत जातात, त्यामुळे पिकल्या रसाला स्वतःहून दाटपणा येत नाही. कैरीत पेक्टिन शाबूत आणि आंबटपणाही भरपूर. म्हणून मी अर्धी कैरी किसून आंब्यात मिसळते. वर चमचाभर कॉर्नफ्लोअर. ते 70 अंशांच्या आसपास रस शोषून फुगतं. फळांखाली भाजलेल्या चारोळीची भरड पसरते. बदाम चालतील, पण चारोळी आमच्या विदर्भाच्या जंगलातली आहे.

भट्टी 200 अंशांवर आधीच तापलेली हवी. कोमट भट्टीत भिंती घट्ट व्हायच्या आधी बटर वाहून जातं आणि पहाटेपासूनची सगळी मेहनत ट्रेमध्ये साचते. फळं पाणी असेपर्यंत 100 अंशांच्या वर जात नाहीत. कोरड्या कडा मात्र 140 पार करतात, तिथे प्रथिनं आणि साखर मिळून तो तांबूस रंग आणि भाजका वास तयार करतात. चाळीसेक मिनिटांत कडा गडद होते. फिकी असताना काढायचा मोह होतो, काढू नये. अर्धा तास निवू द्यावं, रस गरम असताना पातळच असतो.

यंदा जांभळाचं करायचं ठरवलं आहे. पण जांभळं येतात पावसासोबत, जूनमध्ये. तेव्हा हवा 32-33 अंशांवर येते खरी, पण दमट. ओला पंचा ओलाच राहतो, आणि कूलर नुसता वारा घालतो.