प्रिमरोझचे बी आणि मराठवाड्याची कोरडी हवा

थंडीची चाहूल लागल्याशिवाय गहू पेरायचा नाही, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. प्रिमरोझचे बी गव्हाहून कितीतरी हट्टी असते. युरोपातील ओलसर, सावलीच्या रानांत वाढणाऱ्या या झाडाचे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे बी साधारण १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला नीट उगवते. पारा २० च्या पुढे सरकत गेला की ओल आणि उजेड दोन्ही मिळूनही ते गप्प पडून राहते. आपण ‘बी खराब निघाले’ म्हणून कुंडी रिकामी करतो, तेव्हा बहुधा ते जिवंतच असते.

असे का होते? बियात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक उगवण रोखून धरते आणि जिबरेलिन तिला चालना देते. ओल्या बियाला काही आठवडे थंडी मिळाली की पारडे जिबरेलिनकडे झुकते, तर अनेक थंड प्रदेशीय वनस्पतींच्या बियांत उष्णतेने ते पुन्हा उलट बाजूला जाते. भर उन्हाळ्यात उगवलेले कोवळे रोप सुकून जाण्याचीच शक्यता अधिक, त्यामुळे हा अडसर झाडाच्या पथ्यावरच पडतो. उजेडाची गोष्ट वेगळी आहे. लाल प्रकाशाने लेट्यूसचे बी उगवते आणि त्यापलीकडच्या अतिलाल प्रकाशाने ती उगवण थांबते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये दाखवले. प्रकाश ओळखणाऱ्या त्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. प्रिमरोझचे बीही उजेडात चांगले उगवते, म्हणून ते मातीच्या पृष्ठभागावर नुसते दाबून बसवावे, झाकू नये.

मराठवाड्यात खरी अडचण वेळेची आहे. पेरणीपासून फुलापर्यंत या झाडाला पाच-सहा महिने लागतात आणि आपला हिवाळा तेवढा लांबत नाही. थंडी पडल्यावर पेरले तर फुलांच्या वेळी उन्हाळा गाठतो. लवकर पेरावे तर ऑक्टोबरचा उकाडा आडवा येतो. यावर माझ्या मते उपाय असा, की सप्टेंबरच्या उत्तरार्धात ओलसर कोकोपीटमध्ये बी मिसळून झाकणाच्या डबीत घालावे आणि ती डबी तीन-चार आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये.

पेरणीसाठी मातीची पसरट, न रंगवलेली कुंडी घ्यावी आणि ती ओल्या वाळूने भरलेल्या परातीत बसवावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने इथे माती गार राहते: छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. परतीचा पाऊस गेल्यावर आपली हवा झपाट्याने कोरडी होते, म्हणून पेरणीला ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा बरा. हवेत दमटपणा असला की माठ जसा निरुपयोगी, तशीच ही परातही. कोरड्या हवेतही हा गारवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीवर दिसेल त्याहून खाली जाऊ शकत नाही. ते तापमान आधी पाहून घ्यावे आणि ते वीसच्या आसपास येत नसेल तर आठवडाभर थांबावे. कुंडी उत्तरेकडील खिडकीत, उन्हाबाहेर ठेवावी.

काळी माती इथे चालत नाही, कारण ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि एवढ्या बारीक बियाचे मूळ त्यात तुटते. चाळलेले पानखत, कोकोपीट आणि थोडी वाळू पुरे. पाणी वरून न घालता परातीतून चढू द्यावे. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर माती उकरून पाहण्याचा मोह आवरावा. दोन खरी पाने फुटल्यावर रोपे वेगळी लावावीत. माती सतत चिंब राहिली तर ती बुडाशी कुजून कोलमडतात.

मार्चच्या उत्तरार्धात थोडी फुले मिळतील. युरोपात अनेक वर्षे टिकणारे हे झाड आपल्याकडे एकाच हंगामाचे समजावे. उरलेले कोरडे बी हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्येच ठेवावे, कारण बाहेरच्या उन्हाळ्यात त्याची उगवणशक्ती लवकर घटते.