गुडघ्यातील हाडवाढ आणि तिचे उपचार

गुडघ्याच्या सांध्यात कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराच्या) कडेला नव्या हाडाचे टोक उगवते, त्याला ऑस्टिओफाइट म्हणतात. बोलताना ‘हाड वाढलंय’ किंवा ‘काटे आलेत’ असे म्हटले जाते. कूर्चा झिजू लागली, की सांध्याच्या कडेच्या आवरणातील पेशी आधी कूर्चेसारखा थर घालतात आणि पुढे त्याचे हाड बनते. म्हणजे काटा हा मूळ आजार नव्हे, तर झिजेच्या संधिवाताची खूण आहे. आहारातल्या कॅल्शियममुळे हाड वाढते या समजुतीने अनेक जण दूध सोडतात. त्याची काहीच गरज नसते.

निदानासाठी उभ्याने काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो. एक्स-रेवरून झीज मोजण्यासाठी १९५७ मध्ये मांडलेल्या केलग्रेन-लॉरेन्स श्रेणीत ० ते ४ पायऱ्या असून काटा स्पष्ट दिसला, की दुसरी पायरी धरतात. मात्र फोटोतला काटा आणि प्रत्यक्षातली कळ यांचा मेळ बसतोच असे नाही. म्हणून उपचार फोटोवर नव्हे, दुखण्यावर ठरवावेत.

काटा विरघळवणारे औषध, तेल वा लेप नाही. खरा आधार व्यायामाचा. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, मांडीचा स्नायू घट्ट आवळून पाच-सहा सेकंद धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. हे रोज, महिनोन्‌महिने. वजन १ किलो उतरले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. उकिडवे बसल्याने दुखत असेल, तर ते टाळावे आणि कमोड वापरावा. डायक्लोफेनॅकचे मलम बऱ्याच जणांना पुरते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आराम मात्र काही आठवड्यांचाच.

दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याचा मोह आवरावा. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या चाचणीत अशी शस्त्रक्रिया नुसती त्वचेला चीर देऊन केलेल्या लटक्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. सुटा तुकडा अडकून गुडघा लॉक होत असेल, तर गोष्ट वेगळी.

झीज फार झाली आणि बाकीच्या उपायांनी भागेनासे झाले, की सांधारोपणाचा विचार होतो. भारतात ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. या शस्त्रक्रियेत मात्र काटे खरोखरच काढतात: कडेचे काटे छाटले, की त्यांच्यावरून ताणला गेलेला अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) सैल होतो, आणि मागच्या बाजूचे काढले, की गुडघा वाकायला व सरळ व्हायला जागा मिळते.