हाताचे व बोटांचे व्यायाम

हाताची पकड, बोटांची हालचाल आणि बारीक कामातली सफाई टिकवण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा आजार-दुखापतीनंतर परत मिळवण्यासाठी ठरवून केलेल्या हालचाली म्हणजे हाताचे व्यायाम. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमवून देणारी उपचारपद्धती) आणि हाताची शस्त्रक्रिया या तिन्ही शाखांत ते सांगितले जातात. रबरी चेंडू हातात धरून दाबत राहणे हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा प्रकार आणि बऱ्याचदा सर्वांत कमी उपयोगाचा. चेंडू दाबून मूठ आवळण्याचा जोर वाढतो. शर्टाचे बटण लावायला मात्र जोर जवळजवळ लागतच नाही. तिथे लागते ती बोटांची वेगवेगळी हालचाल, बोटांच्या टोकांची जाणीव आणि या दोन्हींचा मेळ. एखाद्या कामावर ‘हात बसला’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा मेळ बसलेला असतो.

हाताची रचना

एका हातात २७ हाडे असतात: मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४ (अंगठ्याला दोन पेरे, बाकीच्या बोटांना तीन-तीन). बोटे हलवणारे स्नायू मात्र बोटांत नसतात. मिटण्या-उघडण्याचा मुख्य जोर कोपर आणि मनगट यांच्यामधल्या स्नायूंतून येतो. हे स्नायू कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांनी बोटे लांबून ओढतात. बोटे फाकवणे, जवळ आणणे, अंगठा बोटांसमोर आणणे ही नाजूक कामे तळहातातले छोटे स्नायू करतात. मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून हातात शिरतात. बोगद्यात सूज आली की हा मज्जातंतू चेपतो आणि अंगठा व शेजारच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. हाच कार्पल टनेलचा आजार.

कोणता व्यायाम कशासाठी, हे समजायला दोन साधे प्रयोग पुरेत. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि बोटे अगदी सैल सोडा. मनगट पुढे लोंबू दिले की बोटे आपोआप उघडतात, मागे वाकवले की आपोआप मिटू लागतात. कंडरांची लांबी ठरलेली असल्याने मनगट हलले की त्या ताणल्या किंवा सैल पडतात. घट्ट पकड हवी असेल तेव्हा मनगट थोडे मागे वाकलेले लागते ते याचमुळे. मनगट पूर्ण पुढे दुमडून मूठ आवळून पाहिली, तर हातातला जोर गेल्यासारखा वाटतो. म्हणून पकड दुबळी असलेल्या माणसाचे आधी मनगट सुधारावे लागते.

दुसरा प्रयोग. हात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट तळव्याखाली दुमडा आणि बाकीची बोटे एकेक करून उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका जागची हलत नाही. बोटे उचलणाऱ्या कंडरा हाताच्या मागच्या बाजूस आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि मधले बोट दुमडल्यावर त्या पट्ट्या अनामिकेला अडकवून ठेवतात. हा शरीराच्या रचनेचा भाग आहे. सरावाची उणीव समजून अनामिकेला जबरदस्तीने ‘स्वतंत्र’ करण्याचा हट्ट धरला, तर हाती दुखापतच येते.

स्पर्श आणि मेंदू

तळहात आणि बोटे मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांवर असते. टोके तात्पुरती बधिर केली, तर धडधाकट माणसालाही पेटीतून एक काडी काढून पेटवणे जिकिरीचे होते: काडी निसटते, आडवी धरली जाते, घासण्याच्या क्षणी पडते. स्नायूंत जोर तेवढाच असतो, पण किती दाबायचे ते हाताला कळत नाही. म्हणून डोळे मिटून खिशातले नाणे, किल्ली, बटण ओळखणे, खरखरीत आणि गुळगुळीत कापडांतला फरक सांगणे हेसुद्धा हाताचे व्यायामच आहेत. मज्जातंतूच्या इजेनंतर तर त्यांना पहिले स्थान द्यायला हवे. प्रत्यक्षात तेच सर्वांत आधी वगळले जातात, ही खेदाची गोष्ट.

मेंदूत हाताला त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा दिलेली आहे. वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्रे यांनी १९३७ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागाला सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने चाळवून शरीराचा नकाशा मांडला, त्यात हात आणि चेहरा हेच सर्वांत ठळक होते. हा नकाशा कायमचा कोरलेला नसतो. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांचा प्रदेश इतरांपेक्षा मोठा असतो, असे १९९५ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही लोकांनी पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवर पाच बोटांचा एक सराव केला, तर काहींनी बोटे न हलवता तोच सराव फक्त मनात केला. मेंदूतला बदल दोन्ही गटांत दिसला. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला हालचाल मनात घोकायला सांगतात, त्यामागे असा आधार आहे.

व्यायामांचे प्रकार

जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले: हातोडा धरतो तशी जोराची पकड आणि सुई धरतो तशी अचूक पकड. मराठीत यांना मूठ आणि चिमूट म्हणावे. व्यायाम निवडताना आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवावे लागते.

कंडरा मोकळ्या सरकाव्यात म्हणून पाच स्थितींचा एक क्रम सर्वत्र शिकवला जातो. आधी बोटे सरळ. मग फक्त मुळातून वाकवलेली, उतरत्या छपरासारखी. मग मुळाशी सरळ आणि पुढची पेरे वाकवून केलेला आकडा. मग पूर्ण मूठ. शेवटी नखे न लपवता, बोटांची टोके तळहाताच्या मनगटाकडच्या भागाला टेकवलेली चपटी मूठ. हा क्रम दिसायला किरकोळ आहे, पण नेमका आहे. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला मिटणाऱ्या दोन कंडरा एकावर एक असतात. आकड्यात त्या एकमेकींवरून सर्वांत जास्त सरकतात, पूर्ण मुठीत खोलवरची कंडरा सर्वांत दूर जाते आणि चपट्या मुठीत वरची. त्यामुळे त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

अंगठ्याकडे खास लक्ष द्यावे लागते, कारण चिमूट त्याच्याशिवाय होतच नाही. अंगठ्याचे टोक आधी तर्जनीच्या कडेला, मग क्रमाने चारही बोटांच्या टोकांना, तिथून करंगळीच्या पेरांवरून खाली तिच्या मुळाशी आणि शेवटी तळहातावरच्या वरच्या आडव्या रेषेपर्यंत न्यायचे. अंगठा कुठवर पोहोचला यावरून शून्य ते दहा गुण देण्याची कापांजी यांची पद्धत याच मार्गावर बेतलेली आहे. एकच हालचाल व्यायामही होते आणि मोजमापही, म्हणून ती विशेष सोयीची.

उघडण्याचे व्यायाम नेहमी मागे पडतात. दिवसभरात हात धरतो, आवळतो, ओढतो. बोटे पूर्ण ताणून फाकवण्याची वेळ क्वचितच येते. पाचही बोटांच्या टोकांभोवती रबर बँड लावून बोटे बाहेरच्या दिशेने उघडायची आणि सावकाश परत आणायची, एवढ्याने हे साधते. परत आणताना बँडला बोटे खेचू द्यायची नाहीत.

हातातल्या हातात वस्तू हलवणे हा बोटांच्या कौशल्याचा खरा गाभा. टेबलावरची पाच-सहा नाणी एकाच हाताने, एकेक करून, बोटांच्या टोकांनी उचला. प्रत्येक नाणे करंगळी-अनामिकेच्या कुशीत सरकवून पुढचे घ्या, आधीचे पडू न देता. सगळी जमली की अंगठ्याने एकेक पुन्हा टोकांपर्यंत आणून खाली ठेवा. उचलणे सोपे असते, बाहेर काढताना नाणी सांडतात. हाताचा एक भाग धरून ठेवतो आणि दुसरा काम करतो, ही विभागणी तिथे कसाला लागते. पेन्सिल टोकाला धरून बोटांनी चढत शेंड्यापर्यंत जाणे, तीच पेन्सिल बोटांत उलटी फिरवणे, नट-बोल्ट न पाहता जुळवणे हेही याच जातीचे. कपड्यांचे चिमटे उघडून कडेला लावणे यात चिमटीचा जोर आणि नेम दोन्ही येतात.

किती वेळा करावे, याचा एकच आकडा नाही. दिवसातून एकदा अर्धा तास हात शिणवण्यापेक्षा तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे बरी. ताठर हाताला आधी कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवले की हालचाल सोपी जाते.

आजारांनुसार फरक

पक्षाघातानंतर बहुतेकांना मूठ मिटता येते, उघडता येत नाही. मिटणारे स्नायू आधीच आवळलेले असतात. त्यांच्या हातात दाबायला चेंडू देणे म्हणजे जे आधीच जास्त आहे त्यात भर घालणे. घरचे लोक तो कळकळीने आणून देतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. चांगल्या हाताला मिटन (बोटे वेगळी न सुटणारा हातमोजा) घालून दुबळ्या हाताकडूनच कामे करून घेण्याची पद्धत एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून आली. दुबळा हात वापरायचाच नाही अशी सवय मेंदूला जडते आणि ती मोडता येते, हे तिचे सूत्र. मूळ पद्धतीत जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, मिटन घालून रोज कित्येक तास सराव असे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा फायदा सिद्ध झाला. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असतील त्यांनाच ती लागू पडते. हात मुळीच हलत नसेल, तर आरशाचा उपाय करून पाहतात: मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या हाताचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसेल असे बसायचे आणि दोन्ही हात हलवत आहोत असा प्रयत्न करायचा. ही कल्पना व्ही. एस. रामचंद्रन यांनी आधी कापलेल्या हाताच्या भासमान वेदनेसाठी वापरली होती.

सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवातात बोटे करंगळीच्या बाजूला कलू लागतात. त्यामुळे हात सपाट ठेवून बोटे एकेक करून अंगठ्याकडे सरकवण्याचा व्यायाम देतात आणि जोरात आवळणे टाळतात. व्यायामाने सांधे झिजतील ही भीती फार लोकांना असते. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या, २०१५ च्या चाचणीत ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांच्या हाताचे काम वर्षभरानंतरही अधिक चांगले राहिले. नियम एवढाच: व्यायामानंतर दोन तास उलटूनही दुखणे वाढलेलेच असेल, तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करायचे.

कापलेली कंडरा शिवल्यावर पूर्वी हात अनेक आठवडे जखडून ठेवत. कंडरा जुळे, पण आजूबाजूला चिकटून बसे आणि बोट वाकत नसे. आता काही दिवसांतच, स्प्लिंटच्या (हात ठरावीक स्थितीत धरणाऱ्या आधाराच्या) आत राहून, मोजकी हालचाल सुरू करतात. पूर्ण भार उचलायला साधारण १२ आठवडे थांबावे लागते. मधल्या काळात ‘जरा जोर लावून पाहू’ म्हटले की टाका तुटू शकतो.

मोजमाप

सुधारणा होते आहे की नाही, हे अंदाजाने सांगू नये. पकडीचा जोर डायनामोमीटरवर मोजतात. कौशल्यासाठी नऊ खुंट्या नऊ भोकांत बसवून परत काढायला लागणारा वेळ पाहतात. धडधाकट तरुणाला हे २० सेकंदांच्या आसपास जमते. दुसऱ्या एका चाचणीत १५० ठोकळ्यांपैकी एका मिनिटात किती ठोकळे मधली भिंत ओलांडून पलीकडे टाकता आले, ते मोजतात. खुंट्या बसवण्याचीच आणखी एक चाचणी, १९४८ मधला पर्ड्यू पेगबोर्ड, मुळात कारखान्यांत कामगार निवडण्यासाठी तयार झाला होता.

व्यायाम केव्हा करू नये

बोटाचा सांधा लाल, गरम आणि सुजलेला असताना ताकदीचे व्यायाम बंद ठेवतात. मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, तर सराव थांबवून तपासणी करावी. अतिसरावाचा धोका वादकांना सर्वांत जास्त. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकात आपोआप आत वळू लागली आणि पुढची अनेक वर्षे ते एकट्या डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले. अशा वेळी आणखी सराव केल्याने बोटे सुटत नाहीत.

कधी तर बोटे थोडी आखडलेलीच ठेवायची असतात. मानेत मज्जारज्जूला इजा होऊन बोटांची हालचाल गेली, पण मनगट मागे वाकवता येते, अशा माणसाची पकड पहिल्या प्रयोगातल्या युक्तीवरच चालते: मनगट मागे नेले की बोटे मिटतात आणि पेला धरला जातो, मनगट सोडले की पेला सुटतो. त्याचे मनगट मागे ठेवून कुणी मायेने रोज बोटे पूर्ण सरळ ताणून दिली, तर कंडरा लांबतात, मनगट मागे नेऊनही बोटे मिटत नाहीत आणि हाताला उरलेली एकमेव पकड जाते.