निळी गोळी आणि तांबडी गोळी

"गरोदर वहिनीची लोहाची तांबडी गोळी जोराची असते, म्हणून शाळेतल्या निळीऐवजी लेकीला तीच देते." खानापूर, बेळगाव भागातल्या आयांकडून हे मी बऱ्याचदा ऐकलंय. रक्त तांबडं, म्हणून गोळीही तांबडीच खरी, असा सरळ हिशेब. त्यात दवाखान्यात कानडीतून 'मात्रे' म्हणतात. कानडीत मात्रे म्हणजे साधी गोळी, पण आपल्या कानाला ती जालीम मात्रा वाटते.

दोन्हींत औषध एकच आहे. २०१८ पासूनच्या सरकारी 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात (अॅनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी असणं) निळी काय नि तांबडी काय, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. फरक आहे तो कुणी घ्यायची आणि किती वेळा, यात. निळी १० ते १९ वयाच्या मुलामुलींची, आठवड्याला एक. शाळेत जाणाऱ्यांना ती शाळेत मिळते, शाळेत न जाणाऱ्या मुलींना अंगणवाडीत. तांबडी गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. वहिनीच्या पाकिटातली गोळी लेकीला दिली, तर लेकीला जास्त काही मिळत नाही. वहिनीचा मात्र एक दिवस बुडतो.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आठवड्याची निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. ते आधीच कमी झालं असेल, तर तेवढ्यानं भागत नाही. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. तेव्हा डॉक्टर साधारण रोज दोन गोळ्या तीन महिने देतात आणि पुन्हा तपासतात. ८ च्या खाली असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. म्हणून "रक्त कमी आहे" एवढंच ऐकून घरी येऊ नका. आकडा विचारा, वहीत लिहून घ्या.

गोळी जेवल्यावर, पाण्याबरोबर घ्यायची. आमच्याकडे जेवण झालं की चहा लागतोच, पण चहा लोह अंगी लागू देत नाही. तासभर तरी थांबा. लिंबू, आवळा चालतो, उलट मदतच होते. वहिनीनं कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी सोडू नका, ते लोहामुळं होतं.

गोळ्यांवर साखरेचं आवरण असतं. घरात रांगतं मूल असेल तर पाकीट फळीवर उंच ठेवा. निळी असो वा तांबडी, मूठभर गोळ्या तोंडात गेल्या तर लेकराच्या जिवावर बेततं.