छतावरची वीज कोणाच्या खात्यात?

कारखान्याच्या पत्र्यावर सोलर पॅनल बसवले की तेवढी वीज कार्बनच्या हिशेबात शून्य, असं सरसकट धरलं जातं. ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

कार्बनच्या हिशेबाची विभागणी जुनी आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची डब्ल्यूबीसीएसडी ही संस्था यांनी १९९८ मध्ये 'जीएचजी प्रोटोकॉल'चं, म्हणजे हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडायचा याच्या नियमावलीचं, काम सुरू केलं. पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली, सुधारित २००४ मध्ये. आपल्या बॉयलर-जनरेटरचा धूर स्कोप १ मध्ये, विकत घेतलेल्या विजेचा स्कोप २ मध्ये. स्वतःच्या पॅनलची वीज ना जाळून मिळते ना विकत, म्हणून दोन्हीकडे शून्य.

गुंता केला तो प्रमाणपत्रांनी. भारतात २०१० च्या नियमांनी आरईसी, म्हणजे अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र, आलं: १,००० युनिटला एक प्रमाणपत्र, आणि ते विजेपासून वेगळं विकता येतं. मग वीज वापरली एकाने, प्रमाणपत्र घेतलं दुसऱ्याने, तर हरित कोण? जानेवारी २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शिकेने दोन हिशेब मांडायला सांगितलं: एक ग्रिडच्या सरासरीवर, दुसरा करार आणि प्रमाणपत्रांवर. प्रमाणपत्र विकलं असेल, तर या दुसऱ्या हिशेबात स्वतःच्या छतावरच्या विजेवरही हक्क सांगता येत नाही. मला हे रास्त वाटतं. एकच युनिट दोघांच्या अहवालात हिरवं दिसलं, तर आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार?

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. नेट मीटरिंगच्या (छतावरची जास्तीची वीज ग्रिडला देऊन ती बिलात वजा करून घेण्याच्या) २०१५ च्या नियमांत, ज्या ग्राहकावर अक्षय ऊर्जा खरेदीचं बंधन नाही त्याची छतावरची वीज वितरण कंपनीच्या बंधनात मोजायची तरतूद होती.

पुढे सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल, आणलं, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ते सक्तीचं झालं, आणि हा हिशेब अकाउंट्सच्या टेबलावर येऊन पडला.

चूक होते ती तिथेच. समजा, महिन्याला जनरेशन मीटरवर (पॅनलची एकूण वीज) १२,००० युनिट, बिलात ग्रिडमधून आयात ३०,००० आणि ग्रिडला निर्यात २,०००. छतावरची १०,००० युनिट कारखान्यातच वापरली गेली. ती बिलात मुळात येतच नाहीत. तरी कुणी बिलाच्या निव्वळ २८,००० मधून ती पुन्हा वजा करून १८,००० लिहितो. स्कोप २ मध्ये मात्र निर्यात वजा न करता आयातीची पूर्ण ३०,००० युनिट धरायची; ग्रिडचा गुणक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर २१ टन.