जिल्हा परिषदा आणि लोकसेवांचे विकेंद्रीकरण (महाराष्ट्र)

ग्रामीण भागातील शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा अशा सेवांचा कारभार राज्याच्या खात्यांकडून काढून जिल्ह्यातील लोकनियुक्त संस्थेकडे सोपवण्याची व्यवस्था. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज सुचवले. राजस्थानने त्यात पंचायत समितीवर भर दिला. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार जिल्हा हाच मुख्य स्तर मानला. १९६१ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. अभियंते, आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी असा तज्ज्ञ वर्ग एका छताखाली ठेवता येतो, हा जिल्हा निवडण्याचा मोठा फायदा. ‘मिनी मंत्रालय’ हे लोकांनी दिलेले नाव त्यातूनच रूढ झाले.

सेवांची वाटणी मात्र सरळ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय राज्याचे. रुग्णाला पुढे पाठवले की खातेच बदलते. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याकडे. ग्रामीण रस्ते परिषद पाहते, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग.

माणसे कोणाच्या हुकमात, हा खरा कळीचा मुद्दा. शिक्षक आणि ग्रामसेवक परिषदेचे कर्मचारी. पण मुख्य कार्यकारी अधिकारी व गट विकास अधिकारी यांची नेमणूक राज्य शासन करते. शिक्षकांच्या बदल्यांचे धोरणही ग्रामविकास विभाग ठरवतो. त्यामुळे शाळेबद्दल जाब सदस्याला विचारला जातो आणि दोरी मंत्रालयात राहते. बदल्यांतील वशिलेबाजीला त्याने आळा बसतो, हा शासनाच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून अंमल) अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले, तरी ते किती सोपवायचे हे विधिमंडळांवर सोडले. नियोजनाचेही तसेच: जिल्हा नियोजन समितीत चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यावेत असे घटना सांगते, पण महाराष्ट्रात अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते.

पैशाच्या बाबतीत परिषदा प्रामुख्याने शासकीय अनुदानावर चालतात. स्वतःचे उत्पन्न तोकडे. त्यातच चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५–२०) पंचायतींसाठीचे सारे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले, आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती कोरड्या राहिल्या. पंधराव्या आयोगाने त्यांचा वाटा पुन्हा सुरू केला, तरी मोठा हिस्सा ग्रामपंचायतींकडेच ठेवला.